अस्वलाची टोपी

वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसायचं तर डोक्यावर बर्फाची लादी लागते. ठमीकडे ती होती. समोरचा तोंडाचा पट्टा सोडायचा, ठमी त्याला खुर्ची दाखवायची, पाण्याचा पेला पुढे सरकवायची आणि तो निम्मा रिकामा होईपर्यंत चकार शब्द काढायची नाही. पेला खाली ठेवताना माणसाचा आवाजही खाली आलेला असायचा. नव्या कारकुनाने एकदा विचारलं, "मॅडम, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात हो?"

"कार्टूनमध्ये," ठमी म्हणाली. त्याला वाटलं, बाई फिरकी घेतेय. बाई अगदी खरं सांगत होती.

ठमी लहान असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं. टोपी घातलेलं एक गोलमटोल अस्वल आणि हाडकुळा, लांब तंगड्यांचा कोल्हा. नेमकं त्याच वेळी ठमीची आई इस्पितळातली रात्रपाळी संपवून आतल्या खोलीत झोपलेली असायची. परिचारिकेची झोप ती, भांडं वाजलं तरी उडायची. त्यामुळे घरात रविवारचा कायदा एकच होता, आवाज करायचा नाही. ठमीने तोंड उघडलं रे उघडलं की बाबा ओठांवर बोट ठेवायचे आणि डोळ्यांनी आतल्या दाराकडे खूण करायचे.

पण कार्टून मुकं कसं बघायचं? त्यावर बाबांनी तोड काढली. बाबांचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. हट्टाला पेटलेल्या कुलपाला कान लावून आत काय अडलंय ते ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तसाच त्यांनी टीव्हीला कान लावला. आवाज अगदी तळाशी ठेवायचा, टीव्हीच्या कडेला कान चिकटवायचा, मान तिरकी करून एक डोळा पडद्यावर ठेवायचा, आणि ऐकू येईल ते ठमीला कुजबुजत सांगायचं.

अस्वल काठी उगारून कोल्ह्यामागे धावत सुटलं की बाबा कुजबुजायचे, "अरे ए लंबू, थांब की! तुझी काठी राहिली माझ्याकडे!" अस्वल कोल्ह्याच्या दारावर थडाथडा बुक्के मारायचं आणि कोल्हा फटीतून वाडगा पुढे करायचा, तेव्हा बाबा सांगायचे, "कोल्हा म्हणतोय, जो ओरडतो ना, तो उपाशी असतो. त्याला आधी बसवावं, खाऊपिऊ घालावं, मग काय ते विचारावं." आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अस्वल खड्ड्यात पडायचं. टोपी उडायची. अस्वल चाचपडत चाचपडत टोपी शोधायचं, डोक्यावर नीट बसवायचं आणि मग भोकाड पसरायचं. त्या वेळचं वाक्य ठरलेलं होतं. "आधी टोपी शोधायची, मग रडायचं."

या एका वाक्यावर ठमीने आयुष्याची निम्मी वाट काढली. नवऱ्याने संसार अर्ध्यावर टाकला त्या दिवशी तिने आधी त्याच्याकडून घराची किल्ली मागून घेतली, मग दार लावून रडली. आई गेली तेव्हा इस्पितळाचं सगळं उरकलं, बाबांना दोन घास भरवले, मगच मोरीत जाऊन नळ सोडला. बाबांना हे सांगितलं की ते मान डोलवायचे. "हुशार होतं हो ते अस्वल," म्हणायचे.

आता बाबा काहीच म्हणत नव्हते. थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ठमीने त्यांना आपल्याकडे न नेता स्वतःच बाडबिस्तरा घेऊन त्यांच्या घरी मुक्काम ठोकला. बाबा डाव्या हाताने चमचा धरायला शिकले, काठीचा आधार घेऊन उभे राहायला लागले, पण बोलायला गेले की घशातून नुसता घरघराट यायचा. लाजून ते तोंड फिरवायचे. ठमी अजून रडली नव्हती. टोपी सापडायची होती ना. एकदा, फक्त एकदा बाबांनी "ठमे" म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. बाबांचा आवाज तिच्याकडे साठवलेला नव्हता. फोटो पोतंभर होते, आवाज मात्र कुणी कधी टिपलाच नव्हता. जिवंत माणसाच्या आवाजाची आठवण येते आणि माणूस समोर बसलेला असतो, हे दुःख कुणाला सांगायचं?

बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "ताई, काकांना जुनं, जिव्हाळ्याचं काहीतरी ऐकवा. पाठ झालेलं. सुटा शब्द निघत नाही, पण ओळखीच्या ओळीबरोबर कधीकधी बाहेर पडतो."

ठमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्वल! हातात फोन घेऊन तिने ते कार्टून शोधायचा सपाटा लावला आणि शेवटी कुणीतरी जपून ठेवलेला एक भाग तिला सापडला. रविवारी सकाळी तिने बाबांची दाढी करून त्यांना खुर्चीत बसवलं, थंडी म्हणून लोकरीची टोपी घातली, टीव्ही लावला आणि आवाज चांगला खणखणीत केला.

अस्वल काठी घेऊन धावलं. आणि बोललं ते भलत्याच भाषेत! बाबांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, ठमीला पक्कं ठाऊक होतं. पडद्याखाली आपल्या भाषेत अक्षरं उमटली, "थांब चोरा, हाडं मोडतो तुझी!"

ठमी बघतच राहिली. अस्वलाने दारावर बुक्के मारले. कोल्ह्याने वाडगा पुढे केला, आणि खाली आलं, "घे, यात विष आहे." कोणी कोणाची काठी परत करत नव्हतं. कोणाला कोणाची भूक कळत नव्हती. दोघं नुसते एकमेकांच्या जिवावर उठले होते.

म्हणजे टीव्हीला लावलेल्या त्या कानाला कधी काही कळलंच नव्हतं. सगळं या माणसाने दर रविवारी जागच्या जागी रचलं होतं, आणि श्रेय देऊन टाकलं होतं एका अस्वलाला. ठमीला हसू आलं.

"बाबा, हे सगळं तुमचं होतं?"

बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते कावरेबावरे झाले होते. डावा हात वर आला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी आतल्या दाराकडे खूण केली. त्या गडबडीत त्यांची टोपी घसरून खाली पडली.

आतल्या खोलीत आता कोणी झोपत नव्हतं. तिथे औषधांची खोकी होती. आई गेली, हे सांगायला ठमीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने आवाज पार बंद केला.

मग ती उठली, टीव्हीच्या कडेला टेकली, कान लावला, मान तिरकी केली आणि कुजबुजली, "अरे ए लंबू, थांब की! तुझी काठी राहिली माझ्याकडे!"

बाबांचा चेहरा सैल झाला. अर्ध्या ओठाने ते हसले. ठमी एकेक वाक्य आठवून सांगत गेली. पडद्यावर अस्वल खड्ड्यात पडलं.

"आधी टोपी शोधायची, मग..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द तिने त्यांच्यासाठी ठेवला.

बाबांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. घरघर झाली, विरली. शब्द आला नाही.

बाबांनी डावा हात डोक्यावर नेला आणि चाचपडलं. डोकं उघडं होतं. ते खुर्चीखाली वाकून बघायला लागले. ठमीने पडलेली टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. एकाच हाताने, बराच वेळ घेऊन, त्यांनी ती स्वतः डोक्यावर चढवली, कानांपर्यंत नीट ओढली.

आणि मग ते रडायला लागले. आतल्या दाराकडे बघत, आवाज न करता. ठमीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि तीही रडली, तसंच, आवाज न करता.