पाइपातला अमृत

संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या फाटकाशी उभ्या होत्या आणि माणसं सगळी मागच्या भिंतीपाशी. सेलूजवळच्या आमच्या दूध केंद्रात त्या भिंतीतून गार पाण्याचा जाड पाइप बाहेर येतो आणि दुधाच्या टाक्यांकडे जातो. त्या पाइपाला झेंडूचा हार घातला होता. आश्रुबा भगताने डोळे मिटून आरोळी ठोकली, "बोल अमृता! आईवर राजी हायेस का?"

पाइप कण्हला. थांबला, पुन्हा कण्हला.

"दोनदा! दोनदा म्हंजी व्हय!" भगत गरजला. "आत्मा वाऱ्यातून गारव्यात उतरतो, गारव्यातून लोखंडात बसतो. शास्त्र हाय हे!"

हे शास्त्र कोणत्या पुस्तकातलं, असं विचारायची सोय नव्हती. गर्दीने हात जोडले होते. सरजाबाई पाइपाला कान लावून उभ्या होत्या.

अमृत त्यांचा एकुलता एक मुलगा. मेंढरं राखणाऱ्या त्या घरातून यंत्रावर कामाला लागलेला पहिलाच. आमच्याकडेच फिटर होता. उन्हाळ्यात पाथरी रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं, तो जागीच गेला. पुढे केंद्रात नवा, मोठा पंप बसला आणि तेव्हापासून पाइप ठकठकू लागला, मधूनच कण्हू लागला, लांबच्या टाकीतलं दूधही नासू लागलं. भगताने दोन्हीचा अर्थ लावून टाकला: पोरगं अडकलंय.

मी केंद्रात दूध तपासतो. नुसता आवाजच असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण अमृतची बायको दैवशाला टीबीने आजारी होती. पाइपावरचं कव्हर एका जागी फाटलं होतं, तिथून टपकणारं पाणी भगत तांब्यात धरायचा आणि तिला पाजायचा. "नवऱ्याची आसवं हाईत. त्या गोळ्या बंद कर, त्याला खपत न्हाई." दैवशालाने दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या होत्या.

"काकू, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच आहे हे," मी सरजाबाईंना म्हणालो होतो. "हवेतलीच वाफ ती."

"आसंल सायेब," त्या म्हणाल्या आणि पदराने पाइप पुसत राहिल्या.

दूध फारच नासू लागलं तेव्हा दूध गार करणारं चिलर यंत्र बसवणाऱ्या कंपनीने परभणीहून मनिषा नावाच्या इंजिनियर बाईंना पाठवलं. त्यांनी दोन्ही पंपांच्या मागे-पुढे दाब मोजला, प्रत्येक टाकीकडे किती पाणी जातं ते पाहिलं आणि मला बोलावलं.

"जुना पंप लहान, नवा मोठा. दोघांना एकाच पाइपात सोडलंय. मोठा लहानाला दाबतो. लहानाचं पाणी पुढे सरकतच नाही, त्याची पाणी उलटं येऊ न देणारी एकेरी झडप नुसती आपटत राहते, ती ठकठक. जवळच्या टाकीला पाणी धो धो, लांबच्या टाकीपर्यंत पोचतच नाही. दूध नासेल नाहीतर काय होईल?"

"आणि कण्हणं?"

त्यांनी नव्या पंपापुढचा व्हॉल्व्ह दाखवला. त्याचं चाक हाताळून हाताळून चकचकीत झालं होतं. "हा जवळजवळ बंद केला की पाणी चिंचोळ्या फटीतून घुसतं आणि अख्खा पाइप थरथरतो. पण कुणीतरी फिरवल्याशिवाय हे होणार नाही. पंपखोलीत कोण असतं?"

बन्सीधर असायचा. आमचा ऑपरेटर. भगताचा जावई.

त्या संध्याकाळी मनिषाबाईंनी बन्सीधरला दुधाच्या गाड्यांकडे पाठवलं आणि स्वतः पंपखोलीत थांबल्या. बाहेर भगताची हाक सुरू झाली. पाइप नुसता ठकठकत राहिला. भगताने पुन्हा हाक मारली, लिंबू कापलं, अंगारा फुंकला.

"रुसला आज," तो घाम पुसत म्हणाला. "आत कुणी विटाळ केलाय!"

मनिषाबाईंनी दार उघडलं. "सरजाबाई, आत या. सगळेच या."

त्यांनी सरजाबाईंचा हात धरून चाकावर ठेवला. "फिरवा. हळू."

सरजाबाईंनी चाक फिरवलं. पाइप कण्हला. त्यांनी हात उलटा नेला, आवाज थांबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा कण्हला. मागून बन्सीधर पुटपुटला, "सासरे म्हणले तसं केलं मी." आश्रुबा तेवढ्यात फाटकाबाहेर पडला होता.

सरजाबाई मात्र चाक सोडीनात. फिरवत राहिल्या, ऐकत राहिल्या. शेवटी मनिषाबाईंनीच त्यांची बोटं अलगद सोडवली. मग नव्या पंपाची गती कमी केली, लहान पंपाच्या जोडीला आणली, प्रत्येक टाकीचं पाणी व्हॉल्व्हवर बांधून दिलं. ठकठक थांबली. पाणी सगळीकडे सारखं, मुकाट वाहू लागलं.

मी सरजाबाईंना बाहेर बसवलं. "काकू, फसवलं हो तुम्हाला."

"फसले न्हाई सायेब. नऊ महिने पोटात वागवलेल्याचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय? पैल्याच दिशी कळलं, हा त्यो न्हाई." त्या पाइपाकडे बघत होत्या. "पर घरात त्याचं नाव कुणी काढंना. सून रडती म्हून मी गप, मी रडते म्हून सून गप. हितं त्याला नावानं हाक मारायलेत, येवढंच बरं वाटायचं."

"आणि दैवशालाच्या गोळ्या?"

"त्या पोरीला खरंच वाटायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, वाटू दे."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दैवशालाला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सलाइन लावलं, आणि उशीर झाल्याचं मला बाजूला घेऊन सांगितलं. दिवाळीच्या आधी ती गेली.

आश्रुबाविरुद्ध आम्ही तक्रार दिली. तो दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणतात, तिथेही कुठला तरी पाइप, झाड नाहीतर विहीर असेल. म्हणून हे लिहितो आहे. आवाज आला तर आधी कशातून येतो ते बघा, पाणी टपकलं तर कुठून टपकतं ते बघा. आजाऱ्याच्या गोळ्या कुणी थांबवायला सांगितल्या तर त्याला दारातूनच घालवा. आणि ज्या घरात माणूस गेलंय त्या घरी जाऊन बसा, गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्याबद्दल बोला. ते काम आपण केलं नाही, म्हणून भगताने केलं.

सरजाबाई आता एकट्याच असतात. रविवारी मी जातो. त्या चहा टाकतात आणि मी विचारतो, "अमृत लहानपणी कसा होता हो?"