आठवड्याची गोळी

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या हिचा उजवा डोळा आतून सुजला. ही शिवणकाम करायची.

डॉक्टर म्हणाले, "रोजच्या गोळीने लवकर दिसेल, पण तुमची साखर आणखी चढेल. दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच. गुण यायला तीन महिने, तोवर नजर जायची भीती."

तिने दुसरी घेतली. दर रविवारी ती डावा डोळा झाकून सुई ओवायची. दहाव्या रविवारीही दोरा बाहेरच राहिला.

"हट्ट पुरे, गोळी बदल," मी म्हणालो.

"तुम्ही बोललात की माझा हात हलतो. गप्प बसा."

तेराव्या रविवारी दोरा आत गेला. ती मशीनवर बसली.

पुढे नऊ वर्षं तिने शिवलं. धाकटीची मुलगी तिसरीत गेली त्या जूनमध्ये ही हृदयाच्या झटक्याने वारली.