अपूर्ण अर्जांचा गठ्ठा

ठकीने अकरा फर्मना अर्ज केले आणि अकरांपैकी एकीनेही नाही म्हणायची तसदी घेतली नाही. बाराव्या फर्मची मुदत शनिवारी दुपारी बाराची होती. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला बसायचं तर कुठल्यातरी फर्ममध्ये सहा आठवडे उमेदवारी केल्याचा दाखला लागतो. तो नसला की वर्ष गेलं. हे सगळं तिने मला सोमवारी सकाळी, चपला काढता काढता, एका दमात सांगितलं.

"मामा, तू एवढी वर्षं वकिलांच्या ऑफिसात काढलीस. जरा बघ ना अर्ज."

एवढी वर्षं म्हणजे एकतीस. वकील म्हणून नव्हे, आवक-जावक कारकून म्हणून. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावर थांबायचा, नंबर घ्यायचा आणि पुढे जायचा. वकिलांना कायदा कळायचा. मला वकील कळायचे.

तिने फोन पुढे केला. मी म्हटलं, कागदावर आण. कुरकुरत खाली गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. मी चष्मा पुसला.

"'आपल्या नामांकित फर्ममध्ये काम करणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे.' ठके, लहानपणी तुला बसमध्ये कंडक्टर व्हायचं होतं."

"मामा."

"जुन्या वह्या फाडून आम्हा सगळ्यांना तिकिटं दिली होतीस. तुझ्या आईला सुटे नाहीत म्हणून उतरवलं होतंस."

माझी ताई, म्हणजे ठकीची आई, तिच्याबरोबरच आली होती आणि भाजी निवडत बसली होती. ती हसली. ठकी हसली नाही. अकरा ठिकाणी उत्तर न आलेल्या माणसाला हसू जरा उशिराच येतं.

मग मी कागद टेबलावर ठेवला आणि फर्मच्या नावावर अंगठा दाबला.

ही रीत माझी नाही, आमच्या थोरल्या साहेबांची. उन्हाळ्याच्या तोंडावर उमेदवारांचे अर्ज यायला लागायचे. खिडकीशी माझं टेबल, त्यावर खळीची बाटली, लोखंडी पंच, पांढऱ्या नाड्यांचं रीळ. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक गुळगुळीत दगड. सकाळच्या टपालाला ओल्या डिंकाचा वास यायचा. आजही पाकीट फोडताना मी नकळत नाक पुढे करतो, पण हल्ली पाकिटं कुठे येतात? थोरले साहेब चहाचा कप डाव्या हातात धरून माझ्यासमोर उभे राहायचे, उजव्या हाताचा अंगठा आमच्या फर्मच्या नावावर ठेवायचे आणि वाचायचे. नाव झाकूनही पत्र आम्हालाच आहे असं वाटलं तर कागद उजवीकडे. नाहीतर डावीकडे. डावा गठ्ठा नेहमी वीतभर उंच.

"आता सांग, हे पत्र कुणाला लिहिलंय?"

ठकीने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाराही जणांना," ती हळूच म्हणाली.

"आणि हे काय? नेतृत्वगुण, संघभावना, संवादकौशल्य. आमच्याकडे दर उन्हाळ्यात दोनशे नेते यायचे. स्वतःचा कप उचलून ठेवणारा एखादाच निघायचा." मी पान उलटलं. अगदी तळाशी, छंदांच्याही खाली, एक ओळ होती: कॉलेजच्या मोफत सल्ला खिडकीवर दोन वर्षे मदत. "हे इथे का दडवलंस?"

"ते काय, मामा. लोकांचे फॉर्म भरून द्यायचे नुसते. भाड्याच्या तक्रारी, पावत्या हरवल्याचे अर्ज."

"किती भरलेस?"

"दीडशे असतील. सगळे तारीख चुकवतात. घर कधी घेतलं ते सांगतात, पावती कधी थांबली ते सांगतच नाहीत. मी आधी तेच विचारते."

ताईने भाजीतून मान वर केली. मीही चष्मा काढला. पोरगी दोन वर्षं वकिली करत होती आणि तिला वाटत होतं ती फॉर्म भरतेय.

मग मी तिला मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, कारण तीत माझी बाजू पडती आहे.

आमच्याकडे नियम होता: गुणपत्रिका नसेल तर अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्ज साहेबांकडे जायचे नाहीत. त्यांची रजिस्टरात नोंद व्हायची, शेऱ्याच्या रकान्यात मी 'अपूर्ण' लिहायचो आणि खालच्या कप्प्यातल्या गठ्ठ्यात टाकायचो. वाचायचो नाही. वेळ नव्हता असं नाही. नियम माझ्या बाजूचा होता, आणि नियम बाजूचा असला की माणूस डोळे मिटून बसू शकतो.

एका वर्षी पावसाळा लागल्यावर कप्पा आवरताना असा एक कागद हातात आला. सात ओळी, निळी शाई. त्या मुलीने लिहिलं होतं: मी अकरा दिवस न्यायालयात मागच्या बाकावर बसले. बाकीचे वकील कागद शोधत असतात. तुमच्या वकिलांच्या फाईलला कडेने कागदाच्या पट्ट्या असतात, त्यांवर पान आणि मुद्दा लिहिलेला असतो, आणि तशीच एक फाईल ते समोरच्या वकिलालाही देतात. त्यामुळे न्यायाधीश चिडत नाहीत. हे कोण करतं ते मला माहीत नाही. मला ते शिकायचं आहे.

"त्या पट्ट्या कोण लावायचं?" ठकीने विचारलं.

"मीच."



तोवर एकोणीस वर्षं लावत होतो. दुपारी जेवणानंतर, कात्री घेऊन, जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजू कापून. फर्ममधल्या एकाही माणसाने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. ज्या परक्या पोरीने ते पाहिलं तिचा अर्ज मी न वाचता तळाला टाकला होता. मी कागद घेऊन थोरल्या साहेबांकडे गेलो. त्यांनी अंगठा ठेवायचीही तसदी घेतली नाही. तिच्या पत्त्यावर माणूस पाठवला. ती दुसऱ्या गावी दुसऱ्या कुणाकडे लागली होती. साहेब मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नुकसान तुमचं जास्त झालं हो." आणि चहा थंड झाला म्हणून दुसरा मागवला, दोघांसाठी.

"पुढे काय झालं तिचं?"

"माहीत नाही. आमच्या रजिस्टरात ती अपूर्णच आहे."

मंगळवारी ठकी उठली आणि भाड्याचे तंटे चालतात त्या कचेरीत जाऊन बसली. बारावी फर्म तीच कामं करते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी दुपारी नवा कागद घेऊन आली. एकच पान. त्यात लिहिलं होतं: तुमच्या वकीलबाई पक्षकाराला सहीपूर्वी कागद वाचून दाखवतात, पण शेवटच्या पानापासून, म्हणजे मागणं काय आहे तिथून. तीन दिवसांत नऊ पक्षकार आले, नऊही वेळा असंच केलं. सल्ला खिडकीवर मी दीडशे लोकांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं आणि बरेच जण अर्ध्यात ऐकायचे थांबले. मी चुकीच्या टोकाने सुरुवात करत होते असं वाटतं. तुमच्याकडे येऊन खात्री करायची आहे.

"नऊपैकी नऊ मोजलेस?"

"मग? भाची कुणाची आहे?"

मी नावावर अंगठा ठेवला. पत्र तरीही त्यांचंच होतं. मी सोबतचे कागद तपासायला घेतले. पत्र, माहितीचं पान, कॉलेजचा दाखला.

"ठके, मार्कशीट?"

"अगबाई. राहिलीच. पण मामा, एवढं पत्र वाचल्यावर मार्कशीट कोण बघतंय?"

"पत्र वाचायला ते आधी आत जावं लागतं. आणि दारात माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो."

ती निमूटपणे घरी गेली आणि गुणपत्रिकेची प्रत घेऊन आली. मी पंच काढला, भोकं पाडली, पांढरी नाडी ओवली. कडेला दोन पट्ट्याही लावल्या. ठकी म्हणाली, आता असं कुणी देत नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

शनिवारी अकराला तिने पाकीट पोचवलं. पुढच्या बुधवारपर्यंत ताईने मला रोज दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा सांगितलं की तिला अजिबात काळजी नाही. बुधवारी चारला ठकीचा आला.

"सोमवारपासून बोलावलंय. वकीलबाईंनी विचारलं, पट्ट्या कुणी लावल्या."

"काय सांगितलंस?"

"मामाने. एकतीस वर्षं लावतोय म्हटलं."

 

सोमवारी संध्याकाळी ती ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. पाय वर घेऊन खुर्चीत बसली, जरा हिरमुसलेली. "सहा आठवड्यांतला पहिला दिवस, आणि काम काय दिलं माहितीये? पुढच्या खेपेसाठी आलेले उमेदवारांचे अर्ज नोंदवायचे. यादी बघायची, कागद पुरे असले तर आत, नसले तर बाजूला."

"बाजूला गठ्ठा किती झाला?"

"वीस-बावीस."

"वाचलेस?"

"ते अपूर्ण आहेत, मामा."

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने पाय खाली घेतले.

"उद्या लवकर जाते," ती म्हणाली.