बोर्डावरचं बोर्डावर

१९६३ साली मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. त्या दुपारी आईचा डबा घेऊन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले, तर आई साहेबांच्या टेबलासमोर उभी. तेव्हा प्रत्येक फोन बोर्डावर हाताने जोडून द्यावा लागे, आणि ते काम आईचं. अर्ध्या गावाची गुपितं आईच्या कानावरून जायची.

"गिरणी बंद होणार, हे मालक फोनवर बोलले," साहेब म्हणाले. "बोर्डावर तुम्ही होतात. सकाळी गावभर झालं. मग फोडलं कोणी?"

"मी नाही."

"माहीत असेल तर नाव सांगा. नोकरी राहील."

"माहीत आहे. पण तेही बोर्डावरच ऐकलंय. बोर्डावरचं मी बाहेर बोलत नाही."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा, साहेब."

गळ्यातला हेडफोन काढून तिने वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातातला डबा घेऊन घरी निघाली.

घरी बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. सगळं आईच्या पगारावर. मावशी कडाडली, "एक नाव सांगितलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"त्या घरावर कोसळलं असतं."

संध्याकाळी आई नेहमीसारखी देवापुढे उभी राहिली. माझा संताप झाला. "कशाला हात जोडतेस? बाबांना असं पाडलं, तुला चहाडखोर ठरवलं. एक शब्द तरी बोलला का तो?"

"मी साहेबांपुढे गप्प राहिले, ती काही माहीत नव्हतं म्हणून?"

"नाही."

"कोणाचं वाईट व्हावं म्हणून?"

"तेही नाही."

"मग त्याच्या गप्प राहण्याचा तेवढा वाईट अर्थ का लावतेस? चल, बाबांना कुशीवर वळवायचंय."

आई शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला लागली. तिथल्या बायका कुजबुजायच्या, "फोनवाली आली, जपून बोला." आई मान वर न करता म्हणायची, "बोला बोला. मी आता फक्त बटणं लावते."

गिरणी बंद झालीच. बाबा त्याच हिवाळ्यात गेले. आईचं हात जोडणं सुटलं नाही. साहेब मोठ्या हुद्द्यावर जाऊन निवृत्त झाले. मावशी ते नाव काढून घ्यायला मरेपर्यंत झटली आणि हरली. मी त्याच एक्स्चेंजमध्ये लागले. मुलाखतीत "कोणाची मुलगी?" विचारलं, तेव्हा मी जरा मोठ्यानेच सांगितलं. आईवरचा डाग कोणी पुसला नाही, आणि ते नाव मलाही कधी कळलं नाही.

आईच्या म्हातारपणी आमच्या घरी फोन बसवला. तो वाजला आणि कोणी बोलायला लागलं, की आई काठी घेऊन उठायची, हळूहळू आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची.