निदान बारीक तरी झालीस

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मॅडमना पाठीमागे सगळे 'रणगाडा' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. ती शेजारच्या सीटवर बसली की शिकवायची गाडी त्या बाजूला जराशी कलायची, तेही ठाऊक होतं. पण भर चौकात शिकणारा गांगरला, की आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक ती इतका अलगद दाबायची की गाडी आपणच थांबवली असं त्याला वाटावं. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक भित्री माणसं मुद्दाम तिच्याकडे पाठवत.

वजनावरून तिने जन्मभर ऐकून घेतलं होतं. कान दुखतो म्हणून गेली तरी घरचे डॉक्टर म्हणायचे, "आधी वजन उतरवा." नवरा तसा वाईट नव्हता, पण चारचौघांत विनोद करायची त्याला खोड, आणि गिऱ्हाईक ठरलेलं. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, तेव्हा तिने मनाचा हिय्या केला आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं.

वजन उतरलं. नुसतं उतरलं नाही, घसरगुंडीवरून यावं तसं आलं. ज्या शेजारणी जिन्यात तिला वाट देताना नाक मुरडत, त्या थांबवून विचारू लागल्या, "अगं, तूच ना?" नवऱ्याला नवा विनोद सापडला. कोणी वजन विचारलं की म्हणायचा, "हत्ती गेला, आता शेपूट राहिलंय!"

उलट्यांबद्दल मात्र कोणी विचारत नव्हतं. दोन घास सूप घेतलं की पोटातून उसळून यायचं. घरी सोडताना सर्जनने बजावलं होतं, की जीवनसत्त्वांच्या गोळ्या रोज आणि कायमच्या घ्यायच्या. पण गोळी गिळली की तीच पहिली बाहेर यायची. तिने दवाखान्यात फोन केला. आहार सांगणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "घाईने खाताय तुम्ही. चावून चावून खा."

"सूप कसं चावू?"

"हळूहळू सवय होईल हं."

पुन्हा फोन केला तेव्हाही तेच. नवरा म्हणाला, "सोडून दे गोळ्या. इतकी छान तब्येत झाल्यावर औषधं कशाला?" तिलाही ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं. आरशात जी बाई दिसत होती तिला दुखवायची तिची इच्छा नव्हती.

मग तळपायांना मुंग्या आल्या. मुंग्यांमागून बधिरपणा आला आणि पायमोज्यासारखा वर चढत गेला. एकदा ती गाडीपर्यंत चालत गेली आणि मालकांनी विचारलं, "मॅडम, दुसरी चप्पल कुठाय?" चप्पल दाराशीच निसटली होती. तिला पत्ताच नव्हता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "पाऊलही बारीक झालं की काय!"

घरच्या डॉक्टरांनी तिला आत येताना पाहून टाळीच वाजवली. "वा! आता कसली तक्रार?"

"पाय बधिर पडलेत. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं."

"एवढं वजन उतरलं की अशक्तपणा येणारच. मन शांत ठेवा."

लठ्ठ होती तेव्हा प्रत्येक दुखणं वजनाचं होतं. बारीक झाली तशी सगळी दुखणी मनाची झाली. बाहेर पडताना तिला इतका संताप आला की दार आपटावंसं वाटलं, पण हातातही तेवढा जोर नव्हता.

तेव्हाच तिने गाडी शिकवणं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. रिकामी बसली असती तर काहीतरी बिनसलंय हे स्वतःशीच कबूल करावं लागलं असतं.

एके दिवशी गाडी एक निवृत्त मास्तर चालवत होते. गृहस्थ इतके सभ्य की हॉर्न वाजवण्याआधी "माफ करा" म्हणायचे. पतपेढीच्या वळणावर समोरून सायकलवाला आला, मास्तरांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. तिने ब्रेक दाबला. जीव खाऊन दाबला. गाडी थांबली नाही. सायकलवाला थोडक्यात वाचला, गाडी फुटपाथवर चढली आणि पतपेढीच्या भिंतीला जाऊन धडकली.

"मी ब्रेक दाबला होता," ती पुन्हापुन्हा सांगत होती. मग तिने खाली पाहिलं. पाय अजून ताठ होता, पण ब्रेकवर नव्हता. शेजारच्या रबरी मॅटवर होता. सगळा जोर तिने जमिनीवर लावला होता.

मास्तरांच्या गळपट्टीचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून ते तिलाच म्हणाले, "माफ करा मॅडम, चूक माझी."

ती माफी तिला शिवीपेक्षा जास्त लागली.

मास्तरांना नेलं त्याच इस्पितळात तिला नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी टाचणी टोचून पाहिली, हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, कंप जाणवतो का ते बघायला घोट्याला थरथरता चिमटा लावला.

"काय जाणवतंय?"

"काही नाही."

"उलट्या होतात?"

एवढ्या दिवसांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. उत्तर देण्याआधीच तिला रडू फुटलं.

शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व पार आटलं होतं, बी-ट्वेल्वही तळाला गेलं होतं, आणि त्यांच्यावाचून पायांच्या नसा सुकत चालल्या होत्या. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली. ऑपरेशननंतर पोटाचा एक भाग आवळत गेला होता, तोही नंतर दुर्बिणीतून रुंद केला, उलट्या थांबल्या, हातांत जोर आला.

"पायांचं काय?" तिने विचारलं.

"थोडं सुधारेल. पूर्ण सांगत नाही. पहिल्या उलट्यांनाच आला असतात तर..."

नवरा कोपऱ्यात उभा होता. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. घरी आल्यावर तो तिच्या चपलांना मागून पट्टे लावून घेऊन आला आणि समोर ठेवल्या. तिने आभार मानले नाहीत.

मालकांनी तिला फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायचं काम दिलं. गाडीत बसवलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. भेटायला येणारे तिच्या हातात आलेल्या काठीकडे पाहत, हळहळत, आणि निघताना न चुकता म्हणत, "जाऊ दे, निदान बारीक तरी झालीस."

मदतीला धाकटी बहीण येऊन राहिली होती. दोघींचा बांधा आईवर गेलेला. धाकटीला बसून उठताना भिंतीचा आधार लागायचा. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "ताई, रागावू नकोस. तुझ्या सर्जनचा नंबर देशील?"

तिने काठी टेकून पाय पुढे केले. "हे बघतेस ना?"

"रोज बघते. पण तू काठी घेऊन चालतेस, तर लोक तुला खुर्ची तरी देतात. मी बिनकाठीची, तर माझ्याखालच्या खुर्चीची त्यांना काळजी."

थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण धाकटी खोटं बोलत नव्हती. शिवाय साखर तिलाही होती, आणि गुडघे तर आधीच गेलेले. मग तिने फोन उघडून नंबर वाचून दाखवला.

"पण उलट्या लागल्या आणि त्या बाई चावून खा म्हणाल्या, तर?"

"तर तुला विचारीन."

"मला नंतर. आधी दवाखान्यात जाऊन ठाण मांडायचं, रक्त तपासल्याशिवाय हलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी. कोणी कितीही छान म्हणो, ऐकायचं नाही. आणि गोळ्या राहिल्या तर मी घशात कोंबीन."

धाकटी हसली.

"हसतेस काय? म्हणून दाखव."

धाकटीने म्हणून दाखवलं. मध्ये मुंग्यांचं विसरली, तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.