बिडाचा तवा आणि काचेची शेगडी

मित्रांनो, मला उचलायला दोन हात लागतात. मी बिडाचा तवा आहे. जुना, जाड आणि काळाकुट्ट. एका ओतशाळेत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि माझा जन्म झाला. तिथून मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आलो. तिथल्या स्वयंपाक्याने मला तेल पाजून, तापवून तयार केले. सकाळच्या पाळीचे कामगार माझ्यावरच्या गरम आम्लेटसाठी रांग लावत. "या तव्यालाच चव आहे," असे ते म्हणत. चव खरे तर स्वयंपाक्याच्या हाताला होती, पण कौतुक ऐकून मीही फुशारत असे.

निवृत्त झाल्यावर तो मला घरी घेऊन आला. घरी त्याची नर्स मुलगी होती. तिला मी जड वाटे. हलकी, चकचकीत भांडी आली आणि माझी रवानगी ओट्याखाली झाली. गंज चढला, कोळी राहायला आले.

मग बाबांचे, म्हणजे माझ्या स्वयंपाक्याचे, हात थरथरू लागले. एकदा गॅसवरून पातेले उतरवताना त्यांच्या हातातल्या फडक्याने पेट घेतला. मुलीने ते झटकन विझवले, पण ती फार घाबरली. तिने गॅस काढून टाकला. जन्मभर लोकांना जेवू घातलेले बाबा आयते ताट पुढे घेऊन बसू लागले. निम्मे अन्न तसेच राही. बाबा वाळत चालले.

शेवटी मुलीने काचेची इंडक्शन शेगडी आणली. बाबांनी त्यांचे लाडके ॲल्युमिनियमचे पातेले तिच्यावर ठेवले. शेगडी टूं टूं करून गप्प झाली.

"बघ, हिलासुद्धा मी नको आहे," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही बाबा, भांडं नको आहे तिला. लोहचुंबक चिकटेल तेच भांडं तापवते ती."

तिने फ्रिजवरचे चुंबक काढले. ते ॲल्युमिनियमवरून घसरले, तांब्याच्या भांड्यावरूनही पडले. बाबा ओट्याखाली वाकले. मला ओढून त्यांनी चुंबक टेकवले. टक्! ते असे चिकटले की काढताना मुलीला जोर लावावा लागला.

पण एवढ्याने भागले नाही. माझ्या बुडाला जुन्या काजळीचे पापुद्रे होते. काचेवर मी डगमगत होतो, ओरखडा पडला असता. बाबांनी मला घासायला घेतले. हात थरथरत, मध्येच थांबत; पण घासण्याच्या कामाला थरथर आड येत नव्हती. गंज गेला, बूड गुळगुळीत झाले. शेगडीवरच्या गोलात मी नेमका बसलो.

मुलगी आच वाढवायला निघाली.

"हळू," बाबा म्हणाले. "बीड आहे ते. एकदम तापवलंस तर तडकेल."

"आणि तुम्ही त्याला सरकवू नका हं. उचलून ठेवायचा. मी ठेवते, उतरवतेही मीच."

"चालेल. पण पालटणार मी."

मंद आचेवर मी सावकाश तापलो. तेल चमकले, अंडी चुरचुरली. बाबांनी उलथने दोन्ही हातांनी धरले. कडा थोडी फाटली, पण आम्लेट पालटले.

"बस. गरम आहे तोवर खा."

ड्युटीवरून आलेली मुलगी बसली आणि खाऊ लागली. तिचे डोळे भरून आले होते. बाबांनी तिच्या ताटात आणखी वाढले आणि मग स्वतःचेही ताट चाटूनपुसून स्वच्छ केले.

मित्रांनो, नवी शेगडी आली की जुनी भांडी घाईने टाकू नका. चुंबक लावून पाहा, बूड सपाट आहे का ते पाहा. काम झाले की आम्हाला पुसून कोरडे ठेवा आणि तेलाचा हात फिरवा. आम्ही फार काही मागत नाही.

आजही मुलगी कामावर निघाली तेव्हा दारातून मागे वळली. औषध घेतले का, असे विचारायची तिची रोजची सवय. आज तिने विचारले, "बाबा, संध्याकाळी तव्यावर काय करणार आहात?"