पोकळ किल्ली

म्हाताऱ्याला आयुष्यभर एकच कला साधली होती, लोकांना झुलवत ठेवायची. गुडघे गेले, दात गेले, पण ही कला शाबूत राहिली. गॅरेजसमोरच्या खिडकीत खुर्ची टाकून त्यानं दोन्ही मुलांना बोलावलं आणि जाहीर केलं, "माझी गाडी जो चालू करून दाखवेल, गाडी त्याची."

गाडी म्हणजे दोन दारांची, बसक्या अंगाची जुनी स्पोर्ट्स कार. थोरला तिच्याकडे बघून हसला आणि बापाशेजारी चहा पीत बसला. धाकटा मात्र बाह्या सरसावून कामाला लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, वायरींशी त्याचं जमायचं. त्याला गाडी हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त बापाच्या तोंडून एक बरा शब्द हवा होता. चाळिशी उलटली तरी ही भूक जात नव्हती, आणि बापाला ती चांगली ठाऊक होती.

इंजिन सुरू व्हायचं, जरा गुरगुरायचं आणि लगेच गप्प. धाकट्यानं बॅटरी बदलली. टर्मिनल घासून लख्ख केले. अर्थिंगची वायर गंजली होती, ती नवी टाकली. खिडकीतून म्हाताऱ्याचे सल्ले चालूच होते.

"फ्यूज बघ रे, फ्यूज!"

"बघितले बाबा. सगळे ठीक आहेत."

"मग रिले असेल. तुला म्हणा, दिसतंय कुठे!"

थोरला खो खो हसायचा आणि धाकटा निमूटपणे रिले उपसायचा.

शेवटी डॅशबोर्डवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यानं त्याचे डोळे उघडले. चोरी होऊ नये म्हणून या गाडीच्या किल्लीच्या मुठीत एक चिप असे. ती ओळखली, तरच गाडीतला कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवी. धाकट्यानं मूठ उघडली. चिपची जागा रिकामी होती, आणि मूठ पुन्हा सफाईनं चिकटवलेली होती. इतक्या सफाईनं गोंद लावणारा माणूस घरात एकच होता.

तेव्हाच खिडकीशी जाऊन बापाला चार शब्द सुनावायला हवे होते. पण छे! बाबांनी आपली परीक्षा घेतली, अशी त्या खुळ्यानं स्वतःची समजूत घातली. भंगारवाल्याकडे तसल्याच एका मोडक्या गाडीचा कॉम्प्युटर आणि त्याच्या जोडीची किल्ली मिळाली. त्यानं जुना कॉम्प्युटर काढला, हा बसवला, त्या किल्लीतली चिप काढून कुलपाजवळ टेपनं चिकटवली आणि बापाची किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली.

"बाबा!" तो लहान पोरासारखा ओरडला. "चिपच नव्हती किल्लीत! मी ओळखलं!"

म्हाताऱ्यानं त्याला सगळं सांगू दिलं.

"म्हणजे चिप दुसऱ्याची, कॉम्प्युटर दुसऱ्याचा," तो मग म्हणाला. "अशी गाडी कोण चालू करतं, माहितेय? चोर. माझ्या पोटी चोर जन्मला."

त्यानं चष्म्याच्या डबीतून खरी चिप काढली आणि थोरल्याच्या तळहातावर ठेवली. "आणि तू रे, माझा कॉम्प्युटर होता तिथे लाव. दादाला गाडी चालू करायचीय."

हातातला पाना भिरकावावा, असं धाकट्याला वाटलं. एवढा राग त्याला कधीच आला नव्हता. तरी तो वाकला, डॅशबोर्डखाली शिरला आणि एकेक प्लग जागच्या जागी बसवू लागला. काम मनासारखं झालं तर म्हातारा अजूनही काही बोलेल, ही आशा त्याला सुटत नव्हती.

म्हातारा बोललाच. थोरल्यानं चिप किल्लीत सरकवली, किल्ली फिरवली, इंजिन गरजलं आणि खिडकीतून टाळ्या आल्या.

"वा रे माझ्या वाघा! हात लावला आणि चालू!"

धाकट्याचं डोकं अजून डॅशबोर्डखालीच होतं. "दादा, इंजिन थंड असताना लगेच रेस देऊ नकोस," तो तिथूनच म्हणाला. त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.